आई सीरियस

तार आली तेव्हा मी ड्रेसिंगच्या खोलीत सिरिंजा उकळत होते. मार्था ती हातात नाचवत आली. आमच्या होस्टेलात तार ज्याची त्याने आधी वाचावी अशी पद्धतच नव्हती. गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांनी वाचून झाली, की ती मालकिणीकडे यायची.

"शालन, तुझी आई सीरियस," मार्था म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मी चिमट्याने एकेक सिरिंज बाहेर काढली, ट्रेवर झाकण घातलं आणि मग कागद घेतला. 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली धोंडिराम.' धोंडिराम म्हणजे आमचे आण्णा. मला रडू आलं नाही. मला आण्णांचा संशय आला.

मी मुळातच संशयी. दूधवाल्याने जास्त दूध घातलं तरी मी त्यात पाणी शोधते. पण त्या दिवशी तसं वाटायला कारण होतं. मिशनच्या त्या दवाखान्यात नर्सिंगचं शिकणाऱ्या आम्ही बहुतेक सगळ्या खेड्यातल्या, आणि 'सीरियस' हा शब्द आम्हा प्रत्येकीला पाठ होता. वॉर्डात त्याचा अर्थ एकच. नाडी हाताला लागेनाशी झाली, श्वास वर ओढू लागला, की पेशंट सीरियस. तोही मेट्रनबाईंनी म्हटल्यावर. एखाद्या नव्या पोरीने उगाच तो शब्द तोंडातून काढला, तर त्या तिला सगळ्यांसमोर झापत. तारेतला सीरियस वेगळा. माणूस गेलं असलं तरी तारेत 'गेलं' असं कोणी लिहीत नाही. एकटं माणूस वाटेत हाय खाईल म्हणून 'सीरियस' लिहितात आणि तिरडी बांधून वाट बघतात. आमच्या कंपाउंडरची आजी दर आंब्याच्या हंगामात सीरियस व्हायची आणि आंबे संपले की बरी व्हायची. आणि होस्टेलातला सीरियस म्हणजे लग्न. आदल्या वर्षी मंदा भोसलेचे वडील सीरियस झाले. ती रडत रडत गेली आणि महिन्याने हिरवा चुडा भरून सामान न्यायला आली. सीरियस वडील तिची ट्रंक खांद्यावर घेऊन दणादणा जिना उतरले.

माझी शेवटची परीक्षा पुढच्या सोमवारी होती. ती झाली की मी पगारी नर्स. घरी माझं लग्न पाळण्यातच ठरलेलं, मामाच्या पोपटशी. तीन वर्षांपूर्वी मी त्याला नाही म्हटलं आणि हट्टाने इकडे आले. तेव्हापासून आण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलत. ते माझ्यासाठी तारेचा खर्च करतील, यावरच माझा विश्वास बसत नव्हता.

मेट्रन एस्तेर भिंगारदिवे यांनी तार दोनदा वाचली, उलटून मागची बाजूही बघितली.

"तुला काय वाटतं?"

"लग्न."

"आणि खरं असलं तर?"

हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं असं नाही. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला की मी तो ढकलत होते, कारण तो चेहरा दाखवूनच मला जाळ्यात ओढणार, याची मला खात्री होती.

"मागच्या वर्षी मंदाला मी एकटीला सोडलं," बाई म्हणाल्या. "आता कुणाला एकटं सोडायचं नाही. मी येते. नाडी मी बघते. खरी असली तर तू थांब, खोटी असली तर माझ्याबरोबर संध्याकाळच्या गाडीने परत."

त्यांनी पिशवीत ब्लडप्रेशरचं मशीन टाकलं. एखाद्याचं खोटं मोजायला निघाल्यासारखा त्यांचा आविर्भाव होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तालुक्याच्या स्टँडवर उतरलो. तिथून बोरजाईवाडी चार मैल. स्टँडवर आमच्या गावचे गणपत शिंपी गाठोडं घेऊन बसले होते. मी सरळ विचारलं, "काका, आई कशी आहे?"

"गजराबाई? तिला काय धाड भरलीया. परवाच चोळ्या शिवाय टाकून गेली."

"किती?"

"सात-आठ असतील." मग ते एकदम सावध झाले. माझ्याकडे बघितलं, मेट्रनबाईंच्या पांढऱ्या लुगड्याकडे बघितलं. "तुला न्हाई व्हय ठाव?"

"काय?"

"काय न्हाई, काय न्हाई," म्हणत त्यांनी गाठोडं उचललं आणि आमच्याआधी चालू लागले. पन्नाशीचा माणूस, पण असा झपाझप गेला की रस्त्यात धूळ उडाली.

मेट्रनबाई म्हणाल्या, "झालं. परत फिरायचं?"

खरं तर फिरायलाच हवं होतं. पण माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. माझी आई, जी लिहिता येत नसताना माझ्यासाठी शाळेतल्या मास्तरकडून चार ओळी लिहून घ्यायची, ती स्वतःच्या मरणाच्या नावाखाली मला बोलावते, आणि चोळ्या शिवायला टाकते? मला तिला तोंडावर विचारायचं होतं.

"चला बाई," मी म्हटलं. "सोक्षमोक्ष लावूनच जाऊ."

घर दिसलं तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. अंगणात मांडवाचे डांब पुरून झाले होते. भाड्याची मोठी भांडी भिंतीशी पालथी घातलेली. दोन चुलत्या सूप घेऊन धान्य पाखडत होत्या. मला बघून त्यांची सुपं थांबली. आण्णा डांबाला सुतळी गुंडाळत होते. मी म्हटलं, आता हसतील, आली एकदाची म्हणतील.

आण्णांचं तोंड उतरलं.

"तू? तुला कुनी सांगितलं?"

मी 'तुमचीच तार' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून मला आई दिसली. दारात उभी, कोपरापर्यंत पीठ. सीरियस बिरियस काही नाही, चांगली ठणठणीत. तिने मान अगदी थोडीशी हलवली. नको म्हणून.

"सुट्टी लागली," मी म्हटलं.

"आन ह्या?"

"आमच्या मेट्रनबाई. सिद्धनाथाच्या दर्शनाला आल्यात. म्हटलं वाटेत घर दाखवावं."

मेट्रनबाईंनी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की एरवी मी वॉर्ड सोडून पळाले असते. मग त्यांनी गळ्यातला क्रूस हळूच पदराआड सारला आणि आण्णांना नमस्कार केला.

आता माझा संशय पार गोंधळला. तार आण्णांच्या नावाची, आणि आण्णांना तारेचा पत्ता नाही. आईला मी यायला हवं होतं, पण आण्णांना कळायला नको होतं. मग हा मांडव कोणाचा?

"हातपाय धुवा चला परड्यात," आई म्हणाली. परडं म्हणजे आमच्या घरामागची मोकळी जागा, तिथे न्हाणी आणि धुण्याचा दगड. आम्ही मागे गेल्या गेल्या मी तिचा हात धरला.

"तू पण त्यांना सामील आहेस का? मला बोहल्यावर चढवायचं म्हणून मरायला टेकल्याचं सोंग केलंस?"

"हळू बोल." तिने मागे वळून बघितलं. "लगीन तुजं न्हाई. छबूचं हाय."

छबू माझी धाकटी बहीण. सातवीत होती. अजून केस विंचरताना आईच्या हातून निसटून पळायची.

"कुणाशी?"

"पोपटसंग. परवा दिशी." आई दगडावर बसली. "तू न्हाई म्हनलीस, तवा येस्वंताचं, तुज्या मामाचं, तोंड पडलं. मी सबूद दिलावता ना त्याला, पोपट जलमला तवाच. मग तुज्या आण्णांनी परस्पर ठरवलं, थोरली न्हाई तर धाकली. तुला कळवायचं न्हाई म्हनले. शिकलेली पोरगी, फाटे फोडंल."

"आणि तू?"

"मी काय. माझं कोन ऐकतंय. दोनदा सांगितलं येस्वंताला, लहान हाय रं ती. हसला. म्हनला, अक्का, तूबी बाराव्या वर्साचीच आलतीस नांदाय. जगलीस न्हवं." ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. "जगले की. माझी पयली दोन न्हाई जगली."

मी बाळंतिणींच्या वॉर्डात सहा महिने काढले होते. तेराव्या-चौदाव्या वर्षी आलेल्या पोरी कशा ओरडतात आणि मग कशा ओरडायच्या थांबतात, ते मला माहीत होतं. मेट्रनबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"तार कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"मीच. बाजाराच्या दिशी पोष्टात गेले. मास्तरला म्हनलं, पोरगी धावत यावी असं लिव्ह. त्यो म्हनला, मग सीरियस लिवाय पायजे. म्हनलं, म्हंजी काय? म्हनला, मरायला टेकलीया असं. कोन सीरियस म्हनून लिवू, म्हनला. म्हनलं, दुसरं कोन, मीच. खाली नाव हिच्या आण्णांचं घाल म्हनलं." मग ती मेट्रनबाईंकडे वळली. "बाई, तुमच्या पाया पडते. पोरीला घिऊन जावा. आत्ताच्या आत्ता, मागल्या वाटनं."

"नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"बापाला न सांगता मी पोरगी उचलून नेली, तर तो संध्याकाळी फौजदाराकडे जाईल आणि उद्या सकाळी पोरगी परत इथे. परवा लग्न लागेल ते लागेलच. वर शालनची परीक्षा जाईल." त्या आईला न्याहाळत होत्या, नवीन पेशंटकडे बघावं तशा. "आणि तुम्ही? तुम्ही भावाचं तोंड बघितलंत की फिरणार नाही कशावरून?"

"न्हाई फिरनार."

"सगळ्या असंच म्हणतात."

मला मेट्रनबाईंचा राग आला होता आणि त्यांचं म्हणणं पटतही होतं. आईचा सगळा जीव मामात. पाठचा एकुलता भाऊ. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. मामाच्या गाडीचे घुंगरू ऐकले तरी ती चुलीवरची भाकरी करपू देऊन दारात यायची.

इतक्यात छबू धावत आली, मला बिलगली. हाताला हळकुंडाचा दोरा बांधलेला. "ताई, तू आलीस व्हय? मला जरीची साडी हाय. आन शाळंला दांडी." ती हसत होती.

मेट्रनबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग पिशवीतून मशीन काढलं आणि आईच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"काय झालं आईला?" छबूने विचारलं.

पारा वर गेला, खाली आला. मी शेजारून बघत होते. इतकं चांगलं प्रेशर आमच्या वॉर्डातल्या एकाही नर्सचं नव्हतं. मेट्रनबाईंनी पट्टा सोडला, नळी नीट गुंडाळली, मशीनची पेटी लावली. या सगळ्याला त्यांनी फार वेळ लावला.

"शालन, आत अंथरूण घाल."

"कशाला?"

"सांगते ते कर." मग त्या आईच्या कानाशी वाकल्या. "ऐका. मी सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. बोलायचं नाही. कुणीही आलं तरी."

आईला कळायला क्षणभर लागला. "येस्वंता आला तरी?"

"तो आला तरीच."

आईने छबूकडे बघितलं. मग हाताचं पीठ झटकलं आणि उठून आत गेली.

पंचवीस वर्षं त्या बाईंनी 'सीरियस' हा शब्द कुलपात ठेवल्यासारखा जपला होता. त्या अंगणात आल्या, डांबाशी उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पेशंट सीरियस आहे. आज दवाखान्यात हलवलं नाही, तर मी जबाबदार नाही."

चुलत्यांनी पदर तोंडाला लावले. आण्णा मात्र जागचे हलले नाहीत. माझा संशयी स्वभाव मला कोणाकडून आला, हे त्या दिवशी मला समोर दिसलं.

"सीरियस म्हंजी? सकाळी पायलीभर दळलंय तिनं."

"तेच तर. अशीच माणसं कामाच्या भरात जातात. काळजाचं दुखणं बाहेरून दिसत नाही."

आण्णा आत आले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "अगं ए," त्यांनी हाक मारली. मग वाकून तिच्या नाकाशी हात धरला, माझ्याकडे बघितलं, परत तिच्याकडे. "सुट्टी लागली म्हनलीस न्हवं तू?"

"हो."

"आन दर्शनाला आलेल्या बाई मशीन घिऊन हिंडत्यात?"

मी आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं करू लागले. एवढ्यात बाहेर घुंगरं वाजली. मामाची गाडी आली होती, हळदीची साडी घेऊन.

अंगणातच कोणीतरी त्याला सांगितलं असावं. मामा आत आला तो धडपडत, उंबऱ्याला ठेचकाळत. आडदांड माणूस, गावच्या तालमीचा पैलवान. तो आईच्या पायाशी मटकन बसला.

"अक्का. ए अक्का. बोल की."

आई हलली नाही.

मामाने तोंडात धोतराचा सोगा कोंबला आणि हमसून हमसून रडू लागला. खरं सांगते, त्या रडण्याचाही मला आधी संशयच आला. वाटलं, सून हातची जाईल म्हणून रडतोय. आता म्हणेल, जाता जाता पोरीवर अक्षता पडू देत, अक्काच्या डोळ्यांदेखत होऊ दे. असं आमच्याकडे करतात. मी तेवढ्याचीच वाट बघत होते आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते जुळवत होते.

मामाने डोक्याचा फेटा सोडला, त्याची गुंडाळी केली आणि आईच्या डोक्याखाली सारली. "दाजी, दुधाचा टेम्पो कवा जातोय?"

"जाईल आता," आण्णा म्हणाले. "पन येस्वंता, मांडव घातलाय. मानसं सांगितल्यात. परवा तिथ हाय."

"मांडव उतरा."

"आरं, पन..."

"उतरा म्हनलं न्हवं. अक्का ऱ्हायली तर लग्नं काय, दहा करू." तो मेट्रनबाईंच्या पायांशी वाकला. "बाई, काय लागंल ते सांगा. बैल इकतो. पन हिला वाचवा. मला आई ठाव न्हाई. हीच."

मेट्रनबाई एक पाऊल मागे सरकल्या. "दवाखान्यात पेशंटजवळ एक बाईमाणूस लागेल. शालनची परीक्षा आहे. छबूला बरोबर घेते."

आता आण्णा पुढे आले. "छबू कशाला? तिची चुलती यील. जानती बाई पायजे तितं. पोरीची हळद..." ते बोलता बोलता थांबले आणि मेट्रनबाईंच्या डोळ्यांत बघत राहिले. त्यांना कळलं होतं. सगळं नसेल, पण वास लागला होता. "पोरगी न्हाई जायाची," ते म्हणाले.

मी छबूचा हात घट्ट धरला. तीन तासांचा सगळा खटाटोप त्या एका वाक्याशी येऊन अडला होता.

"जाऊ द्या तिला, दाजी," मामा म्हणाला. "आईच्या तोंडात पानी घालाय पोटची पोरगीच पायजे. माझी सून हाय म्हनून मी सांगतोय. जाऊ द्या."

सून होणाऱ्या पोरीवर मामाचा हक्क, तो बोलल्यावर आण्णांना बोलायला जागा उरली नाही. त्यांनी हातातली सुतळी खाली टाकली.

दुधाच्या टेम्पोत किटल्या एका बाजूला लोटून जागा केली. मामाने आईला दोन्ही हातांवर उचलून आणलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. कोणाला हात लावू दिला नाही. मी, छबू आणि मेट्रनबाई समोर. रस्ता सगळा खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला मामा दोन्ही हातांनी तिचं डोकं सावरत होता. मधूनच धोतराचा सोगा पाण्यात भिजवून तिच्या ओठांना लावत होता आणि बोलत होता. लहानपणी तिने त्याला ओढ्यातून कसं काढलं, त्याच्या वाटणीचा मार कसा खाल्ला, ती नांदायला निघाली तेव्हा तो गाडीमागं वेशीपर्यंत कसा पळाला. आईचे डोळे मिटलेले. थोड्या वेळाने त्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी येऊ लागलं, कानात शिरू लागलं.

"बाई," मामा घाबरून म्हणाला, "लई दुखतंय बगा हिला. द्या की काय तरी. काय तरी द्या."

मेट्रनबाईंनी मान फिरवली आणि बाहेर बघत बसल्या. मी आईकडे बघत होते. मनातल्या मनात तिला सांगत होते, उघडू नकोस. माझा सगळ्यांवरचा संशय आता तिच्या एकटीवर येऊन बसला होता. आता उघडेल, या वळणावर उघडेल, तिला नाही सोसवायचं. छबू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली होती. आईने डोळे उघडले नाहीत.

दवाखान्यात मेट्रनबाईंनी तिला कोपऱ्यातली खोली दिली. मामा व्हरांड्यात घोंगडी टाकून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला विचारायचा, "हाय न्हवं?" आम्ही 'आहे' म्हणायचो. दोन दिवसांनी, लग्नाची तिथ टळल्यावर, बाईंनी त्याला सांगितलं, धोका टळला, आता घरी जा. छबूला इथे मुलींच्या बोर्डिंगात घालू, आईलाही वरचेवर दाखवायला आणावं लागेल. मामा मान डोलवत होता. देवाचं नाव घेत होता. असाच तो गेला असता, तर सगळं गोड झालं असतं.

आईनेच त्याला आत बोलावलं. मी सलाइनची बाटली काढत होते.

"येस्वंता, मला काय झालं नव्हतं."

"तेच म्हनतोय मी. देवानं..."

"आरं, काईच झालं नव्हतं. पयल्यापास्नं. पोरीसाठनं केलं मी."

मामा आधी हसला. खरंच हसला, सुटल्यासारखा. "म्हंजी तुला काय न्हाई? काळजाचं, कायबी न्हाई?"

"न्हाई."

"आन टेम्पोत?"

"जागीच हुते."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते ओठांवर तसंच राहिलं, त्यामागचा मामा मात्र हरवला. तो म्हणाला, "मग मी जे काय बोललो, ते समदं ऐकत हुतीस."

आईने होय म्हणून मान हलवली.

"सांगायचं मला."

"सांगितलं हुतं की रं. दोनदा."

मामाने उशाखालचा फेटा काढून घेतला. तिथेच उभा राहून तो बांधू लागला. एक वेढा चुकला, सोडून परत बांधला. मग घोंगडी खांद्यावर टाकली आणि आमच्या कोणाकडे न बघता व्हरांडा उतरून गेला.

मी परीक्षा पास झाले. छबू मॅट्रिक झाली, पुढे बालवाडीच्या शिक्षिका झाल्या आमच्या छबूताई, आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी आपल्या मर्जीने लग्न केलं. आण्णा वर्षभर आईशी बोलले नाहीत, मग हळूहळू जेवण वाढ म्हणण्याइतपत बोलू लागले. मेट्रनबाईंनी त्या प्रकाराचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मामा मात्र आला नाही. त्या दिवाळीला नाही, पुढच्या दिवाळीला नाही. पोपटच्या लग्नाचं आमंत्रण गावात सगळ्यांना आलं, आमच्या घराला आलं नाही.

भाऊबिजेला आई आवरून बसायची. मी एका वर्षी सुट्टीवर घरी होते. दिवेलागणीला तिने ताट केलं, निरांजन लावलं आणि अंगणात उभी राहून पश्चिमेकडच्या चंद्राच्या कोरीला ओवाळू लागली. ज्या बाईला भाऊ नसतो, ती असं ओवाळते. मला ते बघवेना.

"आई, मामा आहे की गं अजून. पाच कोसांवर. भाऊ नसल्यासारखं काय करतेस?"

"हाय म्हनूनच करते," ती म्हणाली. "त्येच्या अंगनातनं बी ह्योच दिसत असंल."

तिने ताट खाली ठेवलं नाही. कोर मावळेपर्यंत ती तशीच उभी होती.